ओरांडा आणि मराठवाड्याचा उन्हाळा: फिरत्या मजकुराला मुद्देसूद उत्तर

मासे पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा येतो. त्याचा सारांश असा: ‘गोल्डफिशला काचेत कोंडू नका. तो मुळात तळ्यातला मासा आहे. चीन-जपानमध्ये शेकडो वर्षं तो बाहेरच ठेवतात. अंगणातला हौद, शेततळं, गावची बारव, कुठंही सोडा. रोहू-कटला जगतात तिथं तोही जगतो. पंप नको, फिल्टर नको, खाणंही नको, शेवाळ आणि डासांच्या अळ्यांवर राहतो. जागेएवढाच वाढतो. जास्त झाले तर धरणात सोडून द्या.’ खाली फोटो असतो ओरांडाचा, डोक्यावर लालभडक गोंडा असलेल्या गुबगुबीत माशाचा.

मजकुरात थोडं खरं आहे, म्हणूनच तो जास्त घातक आहे. आणि तो फोटोतल्या माशाच्याच जिवावर उठलेला आहे.

गोल्डफिश म्हणून दुकानात दोन फार वेगळ्या बांध्यांचे मासे मिळतात. कॉमन, कॉमेट आणि शुबंकिन हे एकशेपटी, सडसडीत, चपळ. ओरांडा, रायुकिन, फँटेल, रॅनचू, लायनहेड, ब्लॅक मूर, पर्लस्केल, बबल आय हे फॅन्सी. जात एकच असली तरी फॅन्सी माशाचं शरीर माणसानं पिढ्यान् पिढ्या निवड करून आखूड आणि गोल केलेलं आहे. पोटातली आतडी, हवेची पिशवी सगळं कमी जागेत दाटलेलं. शेपटी दुहेरी. रॅनचू आणि लायनहेडला तर पाठीवरचा पर नसतोच. त्यामुळे पोहण्यात तो मंद, वळण्यात बेभरवशाचा आणि पचनाला नाजूक. कॉमेटला जे झेपतं ते याला झेपत नाही. पुढचं सगळं या फॅन्सी माशांबद्दल आहे.

‘चीन-जपानमध्ये बाहेरच ठेवतात’

हे खरं आहे. मजकुरातला हा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

चीनमध्ये सोंग राजवटीत, म्हणजे हजारएक वर्षांपूर्वी, तळ्यांत लाल-पिवळे मासे पाळायला सुरुवात झाली. पण ते एकशेपटीच होते. दुहेरी शेपटी, अंड्यासारखं अंग, बाहेर आलेले डोळे ही रूपं पुढं मिंग काळात रुजली, जेव्हा लोक मासे तळ्यातून काढून मोठ्या मातीच्या रांजणांत ठेवू लागले. रांजणात बगळा नाही, खाण्यासाठी स्पर्धा नाही, माणूस रोज हातानं खायला घालतो. तिथं अपंग म्हणावा असा मासाही जगू शकला आणि त्याची पैदास करता आली. म्हणजे फॅन्सी गोल्डफिश तळ्यातून बाहेर काढल्यावरच घडला. ‘तो मुळात तळ्यातला’ हे त्याच्या पूर्वजांना लागू पडतं, त्याला नाही.

जपानमध्ये रॅनचू आजही बाहेरच्या उथळ सिमेंटच्या टाक्यांत पाळतात, कारण तो वरून पाहण्यासाठीच तयार केलेला मासा आहे. पण त्या टाक्यांवर उन्हाळ्यात बोरूची चटई असते, पाण्यात हवा सोडलेली असते, दर काही दिवसांनी पाणी बदललं जातं आणि मालक रोज एकेक मासा न्याहाळतो. आपल्याकडे कोलकात्याच्या आसपासही सिमेंटच्या उघड्या टाक्यांत गोल्डफिशची पैदास होते, आपल्या दुकानांत येणारे कित्येक मासे तिकडचेच. तिथंही राबणारी माणसं असतात. मजकूर या सगळ्यातून ‘बाहेर’ एवढा एकच शब्द उचलतो आणि मेहनत गाळून टाकतो.

शिवाय हवामान. जपानात गोल्डफिशच्या पैदाशीसाठी ओळखल्या जाणाऱ्या नाराच्या परिसरात ऑगस्टमध्ये दुपारचं सरासरी तापमान ३३ अंशांच्या आसपास असतं. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात ते ४२ च्या घरात जातं. फॅन्सी गोल्डफिशला मानवणारं पाणी १८ ते २४ अंशांचं.

‘रोहू-कटला जगतात तिथं तोही जगतो’

रोहू आणि कटला हे गंगेच्या खोऱ्यातले, उबदार पाण्याचे मासे. २५ ते ३२ अंशांत त्यांची वाढ उत्तम होते. गोल्डफिशचं कूळ पूर्व आशियातल्या थंड पाण्याचं. कार्प घराण्यातले आहेत एवढ्यावरून दोघांना एकाच तळ्यात टाकणं चूक आहे.

आता उन्हाळ्यात पाण्यात काय होतं ते पाहू, कारण मासे मरतात ते इथंच. २० अंशांच्या पाण्यात एका लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो. ३० अंशांना साडेसात, ३५ ला सातच्या आसपास. उलट पाणी दहा अंशांनी तापलं की माशाची ऑक्सिजनची गरज जवळपास दुप्पट होते. त्यात हौदाचं पाणी हिरवं झालेलं असेल तर ते शेवाळ दिवसा ऑक्सिजन देतं आणि रात्रभर स्वतःच तो वापरतं. म्हणून मासे दुपारी मरत नाहीत, पहाटे मरतात. मालक सकाळी उठून बघतो आणि म्हणतो, काल संध्याकाळपर्यंत चांगले होते.

अमोनियाचंही तसंच. माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून तो पाण्यात येतच असतो, पण त्यातला विषारी हिस्सा किती हे पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा) आणि तापमान ठरवतात. पीएच ७ असेल तर ३० अंशांनाही तो एक टक्क्याहून कमी राहतो. पीएच ९ झाला तर जवळपास निम्मा अमोनिया विषारी होतो. आपलं बोअरचं पाणी काळ्या कातळातलं, जड, आणि हिरव्या हौदाचा पीएच भर दुपारी सहज ९ कडे सरकतो. त्यात उघड्या पाण्याची पातळी मेमध्ये रोज सेंटिमीटरभर आटते, क्षार मागे राहतात. भर घालायला नळ कुठं आहे? आठ-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या शहरांत लोक टँकर ओततात, त्यात टीसीएल (क्लोरीनची जंतुनाशक) पावडर किती हे कुणी विचारत नाही. क्लोरीन कल्ले जाळतो.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. आपला उन्हाळा कोरडा आहे आणि बाष्पीभवनानं पाणी गार होतं. दाट सावलीतला, जमिनीत अर्धा गाडलेला रुंद हौद हवेपेक्षा बराच थंड राहतो. पण उन्हात ठेवलेला प्लास्टिकचा टब किंवा गच्चीवरची टाकी तशी राहत नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीचा दाखलाही काही जण देतात: तिथल्या हौदात मासे आहेतच की. त्या हौदाला डोंगराकडून मातीच्या नळांनी आणलेल्या आणि उंचावरून पडणाऱ्या पाण्याची योजना केलेली आहे. पडणारं पाणी हवा घेऊन येतं. घरच्या साचलेल्या टाकीशी त्याची तुलना होत नाही.

‘शेततळ्यात सोडा’

शेततळं तीन मीटर खोल असतं, तळाशी गार असतं, म्हणून लोकांना हे पटतं. पण तापलेलं हलकं पाणी वर आणि थंड पाणी खाली असे थर पडले की तळाच्या पाण्यात ऑक्सिजन संपतो. गारव्यासाठी मासा खाली गेला तर गुदमरतो, वर राहिला तर भाजतो. मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडला की थर उलटतात, खालचं मेलेलं पाणी वर येतं आणि दुसऱ्या दिवशी मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा गिळताना दिसतात. रोहू पाळणाऱ्या शेतकऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे. ढगाळ दिवसांत त्यात आणखी भर पडते.

आणि ते तळं मोसंबीसाठी, डाळिंबासाठी खोदलेलं असतं. मेअखेर बहुतेकदा त्यात पाणीच नसतं. शेजारी कापसावर सायपरमेथ्रिनसारखं औषध फवारलं जातं, फवारणीचा पंप कधीकधी त्याच तळ्यावर धुतला जातो. या गटातली औषधं माशांना अगदी थोड्या मात्रेतही मारतात. उलटा धोकाही आहे: दुकानातल्या गोल्डफिशबरोबर माशांच्या उवा आणि अँकर वर्म हे परजीवी येतात आणि ते रोहू-कटल्याला लागतात. हौसेच्या दहा माशांपायी शेतकऱ्याचं उत्पन्न पणाला लावू नये.

बगळा, खंड्या, पाणकावळा आणि दिवड साप हे तर आहेतच. हिरव्या-काळ्या पाण्यात केशरी, मंद, वळता न येणारा मासा म्हणजे त्यांना वाढलेलं ताट. बबल आयला तर समोरून येणारं संकट दिसतही नाही. बारवेत सोडायला मी आणखी एका कारणानं विरोध करतो: गावोगाव लोक श्रमदानानं बारवा साफ करत आहेत, तिथलं पाणी पुन्हा जिवंत होतंय. त्यात खाणं टाकून घाण करायची नाही.

‘पंप नको, फिल्टर नको, खाणं नको’

कुठल्याही मोठ्या, जुन्या, झाडांनी भरलेल्या तळ्यात दोन-चार कॉमेट असे जगतील. हौदात आठ ओरांडा असे जगणार नाहीत. आणि पंप लावला तरी खेड्यात रात्री वीज जाते, नेमकी त्या पहाटेच्या वेळी. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ नसेल तर फॅन्सी मासे बाहेर ठेवूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

डासांचं म्हणाल तर गोल्डफिश अळ्या खातो, पण त्या कामाला गप्पी मासे आहेत आणि आरोग्य विभाग वर्षानुवर्षं तेच वापरतो. डेंग्यूचा डास तर कूलर, टायर आणि झाकण नसलेल्या रांजणात वाढतो. हौदातला रॅनचू तिथं काय करणार?

‘जागेएवढाच वाढतो’

नाही. चांगल्या पाण्यात फॅन्सी मासा १५ ते २० सेंटिमीटर होतो, कॉमेट ३० पर्यंत जातो. लहान, घाण पाण्यात तो खुरटतो आणि लवकर मरतो.

‘जास्त झाले तर धरणात सोडा’

मजकुरातलं सगळ्यात वाईट वाक्य हेच. अमेरिकेत मिनेसोटातल्या बर्न्सव्हिल शहरानं २०२१ मध्ये केलर तलावातून फुटबॉलएवढे गोल्डफिश काढले आणि लोकांना हात जोडून सांगितलं की घरचे मासे तलावात सोडू नका. सोडलेले मासे तळ उकरतात, पाणी गढूळ करतात, पाणवनस्पती उपटतात. फॅन्सी रूप पहिल्या काही दिवसांत बगळ्याच्या पोटात जातं, पण जे मजबूत मासे वाचतात त्यांची पिल्लं पिढ्यागणिक मातकट, सडसडीत होत जातात आणि टिकतात. बाहेरून आलेल्या चिलापीनं (तिलापिया) राज्यातल्या धरणांत काय केलं ते कोणत्याही मच्छीमाराला विचारा. नाथसागर, येलदरी, विष्णुपुरी, मांजरा ही भोई समाजाच्या पोटाची पाणी आहेत, आपल्या जादा माशांची कचराकुंडी नाही. मासे जास्त झाले तर दुकानदाराला परत द्या, दुसऱ्या हौशी माणसाला द्या, किंवा अंडी दिसताच काढून टाका.

ज्यांना फॅन्सी मासे बाहेर ठेवायचेच आहेत त्यांनी दिवाळीनंतर ते महाशिवरात्रीच्या आसपासपर्यंतच ठेवावेत. दर माशामागे शंभर लिटर तरी पाणी धरा, किमान हजार लिटरचा हौद, निम्मा जमिनीत, म्हणजे रात्रीच्या थंडीनं पाणी एकदम उतरणार नाही. वर शेडनेट आणि पक्ष्यांसाठी जाळी. कॉमेट किंवा कोई (रंगीत कार्प मासे) सोबत नको, ते सगळं खाऊन टाकतात. टँकरचं पाणी एक दिवस उघडं ठेवून, हवा मारून, मगच दर आठवड्याला पाव हिस्सा बदला. पाणी १५ अंशांखाली गेलं तर खाणं कमी करा. मार्चमध्ये दुपारी हौदाचं पाणी २८ दाखवू लागलं की मासे घरात आणा, आणि दिवाळीपर्यंत आतच राहू द्या.