रिफंडसाठी कॉलेजचं कार्ड "घ्यावंच लागतं"? अजिबात नाही

न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर ऑगस्टमध्ये एक मेसेज फिरतो. यंदा तो मला चार ठिकाणांहून आला, त्यातला एक थेट पुण्याहून. मजकूर थोडक्यात असा: "कॉलेजचा रिफंड हवा असेल तर त्यांनी सुचवलेलं डेबिट कार्ड घ्यावंच लागतं. ते फुकट असतं. त्यावर पैसे लगेच येतात, बँकेत यायला आठवडे लागतात. कंपनी कॉलेजनंच निवडलेली, तेव्हा काळजी नको. आणि शेवटी सरकारचेच पैसे, दोन-चार डॉलर गेले तर बिघडलं कुठे?" पाठवणारी माणसं भली आहेत, मुलांच्या काळजीपोटीच पाठवतात. म्हणूनच हे लिहिणं भाग आहे.

आधी शेवटचं वाक्य घेते, कारण मला सर्वात जास्त तेच खुपतं. पेल ग्रँट (गरजू विद्यार्थ्यांना केंद्र सरकारकडून मिळणारी, परत न करायची मदत) आणि फेडरल म्हणजे केंद्र सरकारचं शैक्षणिक कर्ज यांचे पैसे आधी कॉलेजकडे जातात. कॉलेज त्यातून ट्यूशन म्हणजे शिकवणीची फी वगैरे कापून घेतं आणि उरलेले विद्यार्थ्याला देतं, त्यालाच रिफंड म्हणतात. पुस्तकं, खोलीचं भाडं, बसचा पास, जेवण, सगळं त्यातून भागवायचं असतं. त्यात कर्जाचा भाग असेल तर तो पुढे पै न् पै फेडायचा. 2024-25 साली पदवीच्या विद्यार्थ्यांच्या फेडरल कर्जाचा व्याजदर 6.53 टक्के होता, आणि पैसे हाती येण्याआधीच 1.057 टक्के शुल्क कापलं जात होतं. म्हणजे कार्डाच्या फीत गेलेला डॉलर पुष्कळदा मुलानं व्याजानं काढलेला असतो. त्याला सरकारचा म्हणायचं कसं?

आता "घ्यावंच लागतं". जुलै 2016 पासून लागू असलेल्या फेडरल नियमांप्रमाणे कॉलेज ही सक्ती करू शकत नाही. रिफंड वाटायचं काम बाहेरच्या कंपनीला दिलं असेल, तर विद्यार्थ्यापुढे पर्यायांची यादी ठेवावी लागते. तिच्यात त्याचं स्वतःचं, आधीपासूनचं बँक खातं पहिलं आणि सर्वात ठळक असावं लागतं, आणि कुठल्याच पर्यायावर आधीच खूण करून ठेवता येत नाही. मुलानं काहीच निवडलं नाही तरी पैसे अडकवून ठेवता येत नाहीत. शिल्लक रक्कम साधारणपणे 14 दिवसांत द्यावीच लागते.

"लगेच येतात" हे त्यातल्या त्यात खरं आहे. कंपनीच्या स्वतःच्या खात्यात पैसे टाकणं ही तिच्या वहीतली नोंद, तर दुसऱ्या बँकेत जायला एखाद-दोन दिवस लागू शकतात. पण आठवडे नाही. मुलाच्या खात्यात पैसे पाठवताना मुद्दाम रेंगाळायचं किंवा जास्तीचे कागद मागायचे, यालाही नियमात मनाई आहे.

राहिले "फुकट" आणि "कॉलेजनं निवडलेली", आणि हे दोन मुद्दे वेगळे काढता येत नाहीत. माझ्या मोठ्या मुलीच्या वेळी, हे नियम येण्याआधी, घरी एक जाड पाकीट आलं. वर कॉलेजचं बोधचिन्ह, आतल्या कार्डावरही तेच. मला वाटलं ओळखपत्रच आलं. कॅम्पसवर त्या कंपनीची दोन एटीएम होती आणि रिफंडच्या दिवशी दुपारपर्यंत दोन्ही रिकामी. भाडं द्यायचं होतं म्हणून तिनं पलीकडच्या पेट्रोल पंपावरच्या मशीनमधून पैसे काढले. एक फी त्या मशीनची, दुसरी कार्डाची. पंपावरून तिनं फोन केला तेव्हा ती सारखी एकच विचारत होती, "आई, मी काय चुकीचं केलं?" तिनं काहीच चुकीचं केलं नव्हतं.

ही एका घरापुरती गोष्ट नाही. या धंद्यातली सर्वात मोठी कंपनी होती हायर वन. 2012 साली एफडीआयसी या बँकांमधल्या ठेवींचा विमा उतरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या कारवाईनंतर तिला सुमारे 60,000 विद्यार्थ्यांना जवळपास 1 कोटी 10 लाख डॉलर परत करावे लागले. एकाच व्यवहारावर खात्यात पैसे नसल्याची फी पुन्हा पुन्हा लावणं आणि ती पुढच्या जमा रकमेतून वसूल करणं, हे आरोपांत होतं. ती जमा रक्कम बहुधा पुढच्या सत्राच्या शिक्षणाचीच असे. डिसेंबर 2015 मध्ये फेडरल रिझर्व्ह (अमेरिकेची मध्यवर्ती बँक) आणि एफडीआयसीच्या आदेशांनी आणखी सुमारे 5 कोटी 50 लाख डॉलरची भरपाई ठरली. त्या वेळचा एक ठपका असा, की खातं न उघडताही पैसे मिळतात हे विद्यार्थ्यांना नीट सांगितलंच नव्हतं. आज आपण जो मेसेज फॉरवर्ड करतो, तो हाच गैरसमज फुकटात पसरवतो.

नव्या नियमांनी पुष्कळ सुधारणा झाली, हे मोकळेपणानं मान्य करते. रिफंड वाटणाऱ्या कंपनीच्या खात्यावर उघडण्याची फी नाही, दुकानात कार्ड वापरल्याची फी नाही, ओव्हरड्राफ्ट (शिल्लकीपेक्षा जास्त पैसे काढू देऊन लावलेली फी) नाही. ज्या मुलाचं कुठेच खातं नाही त्याला असं कार्ड कागदी चेकपेक्षा बरं, कारण चेक वटवून देणारी दुकानं आपला वाटा कापतात. पण जिथे बँक रिफंड वाटत नाही, नुसतं कॉलेजच्या नावावर खातं खपवते, तिथे नियम बरेच ढिले आहेत. 2016-17 या एका वर्षात कॉलेजांनी पुढे केलेल्या खात्यांवर विद्यार्थ्यांनी 2 कोटी 70 लाख डॉलरहून जास्त फी भरली. वेल्स फार्गो या बँकेच्या खात्यांवर ती सरासरी 47 डॉलरच्या घरात होती. कॉलेजनं निवडलं म्हणून निर्धास्त राहायचं, तर या खातेदारांच्याही कॉलेजांनी निवडलंच होतं की.

पुण्याच्या ताईंसाठी: तुमचा मुलगा एफ-1 म्हणजे परदेशी विद्यार्थ्याच्या व्हिसावर आहे, त्याला फेडरल मदत मिळत नाही. त्यामुळे जास्त भरलेली फी परत येताना वरचे नियम त्याला जसेच्या तसे लागू होतीलच असं नाही. त्यानं बर्सरच्या, म्हणजे कॉलेजच्या फीचा हिशोब पाहणाऱ्या ऑफिसात जाऊन विचारावं, "माझ्या खात्यात थेट जमा कराल का?"

धाकट्याचं हेच काम आम्ही मागच्या आठवड्यात केलं. ईमेलमधला कोड टाकला, पान उघडलं, पहिलाच पर्याय स्वतःच्या खात्याचा होता. त्यानं क्रेडिट युनियनच्या (सभासदांच्या सहकारी बँकेच्या) चेकबुकवरून राउटिंग नंबर, म्हणजे बँकेचा ओळख क्रमांक, वाचला, मी खाते क्रमांक दोनदा तपासला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, चहा निवायच्या आत झालं.