सायबर सिक्युरिटीत एम.टेक. करावं का? कट्ट्यावर रंगलेला वाद

ओंकारचा प्रश्न साधा होता. बी.ई. कॉम्प्युटरचं शेवटचं वर्ष चालू आहे. एम.टेक.साठी गेटची प्रवेश परीक्षा द्यायची, सी-डॅक या सरकारी संस्थेच्या डिप्लोमासाठी सी-कॅट या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरायचा, की सरळ नोकरी धरून ओएससीपीसारखं हॅकिंगचं सर्टिफिकेट मिळवायचं? जायचं सायबर सिक्युरिटीतच, एवढं त्याचं पक्कं आहे. कर्वेनगरच्या आमच्या कट्ट्यावर पहिला चहा यायच्या आत तीन मतं पडली होती.

मन्या खराडीला सॉकमध्ये, म्हणजे नेटवर्कवर हल्ला होतोय का ते बघत बसणाऱ्या केंद्रात आहे, शिफ्ट करतो. तो लगेच म्हणाला, "दोन वर्षं घालवू नकोस. आमच्याकडे स्क्रीनसमोर बसणाऱ्या पोराला डिग्री कोणी विचारत नाही. लॉग, म्हणजे मशीनने ठेवलेल्या नोंदी, वाचता येतो का, अलर्ट खरा की खोटा ते ओळखता येतं का, बास. ओएससीपीची परीक्षा बघ. जवळजवळ चोवीस तास मशीनं फोडत बसायचं आणि पुढच्या चोवीस तासांत रिपोर्ट लिहून द्यायचा. घोकून पास होऊन दाखव! एम.टेक.ला पहिल्या सेमिस्टरला काय असतं? पुन्हा नेटवर्क्स, पुन्हा ऑपरेटिंग सिस्टिम."

"मग ते पुन्हा नीट शिकायला काय हरकत आहे?" सुहास म्हणाला. तो इंग्लंडमध्ये एगमला रॉयल हॉलोवेत शिकून आलाय. तिथे इन्फर्मेशन सिक्युरिटीचं एम.एससी. १९९२ पासून चालू आहे, म्हणजे आपल्याकडे १९९५ ला व्हीएसएनएलने सर्वसामान्यांना इंटरनेट दिलं त्याच्याही आधीपासून. "आम्हाला एक वर्ष होतं. टूल कुठलं वापरायचं यावर कोणी फारसं बोललं नाही. प्रोटोकॉल, म्हणजे दोन मशीननी एकमेकांशी बोलायची रीत, कागदावर लिहायचा आणि विचारायचं, या ओळीत कोण कोणावर विश्वास ठेवतोय? तेवढंच शिकलो असं वाटतं कधीकधी, पण ते रोज लागतं."

"आणि कर्ज?"

"आहे ना. फेडतोय."

मी मध्ये पडलो तो कॉसमॉस बँकेमुळे. पुण्यात बसून सिक्युरिटीच्या शिक्षणावर बोलायचं आणि ऑगस्ट २०१८ विसरायचं, हे मला पटत नाही. शनिवारी, ११ ऑगस्टला, काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांवर सुमारे ८० कोटी रुपये काढले गेले. सोमवारी स्विफ्टवरून, म्हणजे बँकाबँकांच्या आंतरराष्ट्रीय निरोपयंत्रणेवरून, आणखी जवळपास १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. मिळून ९४ कोटी. आता हे घडलं कसं ते बघा. आपण कार्ड घालतो तेव्हा एटीएमचा प्रश्न स्विचकडे, म्हणजे निरोप पुढे पोचवणाऱ्या यंत्रणेकडे जातो आणि स्विच कोअर बँकिंगला, म्हणजे खात्यांचा हिशेब ठेवणाऱ्या यंत्रणेला विचारतो, खात्यात पैसे आहेत का? तिकडून होकार आला की नोटा बाहेर. चोरांनी मध्ये स्वतःचा खोटा स्विच घातला. बनावट कार्डाची विचारणा आली की तो परस्परच 'हो' म्हणायचा. कोअर बँकिंगपर्यंत प्रश्न पोचलाच नाही, म्हणून ग्राहकांची खाती शाबूत राहिली आणि खड्डा पडला तो बँकेच्या पैशात.

"नीट बघणारा माणूस सॉकमध्ये असता तर शनिवारीच कळलं असतं," मन्या म्हणाला, आणि त्याचं म्हणणं चूक नव्हतं.

"कळलं असतं, पण पैसे निघायला लागल्यावर," मी म्हटलं. "त्याच्या आधीचा प्रश्न घे. 'हो' म्हणणारा खरंच बँकेचा आहे याचा पुरावा कोण मागतो? एटीएमचे मेसेज आयएसओ ८५८३ नावाच्या ठरावीक साच्यात जातात. मेसेजमध्ये कोणी फेरफार केला नाही ना, हे तपासायचा कोड ठेवायला त्यात फील्ड ६४ आणि १२८ राखलेली आहेत. वापरायची की नाही, ते बसवणाऱ्यावर. समजा वापरली. पण चोराने ताबा मिळवला स्विचवरच, आणि तो कोड बनवायच्या किल्ल्याही त्याच्याकडेच, तर? मग मंजुरी आणि खात्यातली नोंद यांचा मेळ दुसऱ्या कुठल्या तरी वाटेने, त्याच मिनिटाला लागायला हवा. तो कसा लावायचा, हा दोन वर्षं पुरेल असा प्रश्न आहे. शिफ्टमध्ये बसून तो सुटत नाही, कारण शिफ्टला पुढचा अलर्ट वाट बघत असतो."

एवढा वेळ अश्विनी गप्प होती. तिने एम.टेक. केलंय आणि आता शिकवते, त्यामुळे ती माझ्या बाजूने बोलेल असं मला वाटत होतं. ती दोघांवरही घसरली.

"दोन वर्षं पुरेल असा प्रश्न! अरे, प्रश्न देतो कोण? माझं सांगते, कॉलेजचं नाव घेत नाही. विषय इंट्रूजन डिटेक्शन, म्हणजे नेटवर्कमध्ये शिरणारा हल्लेखोर ओळखणं. सरांनी डेटासेट दिला केडीडी ९९. ओंकार, ऐकलंयस?"

त्याने ऐकलं होतं. त्याच्या सीनिअर्सच्या प्रोजेक्टलाही तोच होता.

"तो डेटा १९९८ सालचा. एमआयटीच्या लिंकन लॅबने अमेरिकी हवाई दलाच्या तळासारखं एक खोटं नेटवर्क उभं केलं आणि त्यावर हल्ले करून नोंदी घेतल्या. प्रत्येक कनेक्शनला ४१ रकाने आणि शेवटी लेबल, सामान्य की हल्ला. हल्ले कुठले? नेटवर्क तुंबवणारे जुने स्मर्फ, नेपच्यून. त्यात मोबाइल नाही, क्लाउड नाही, यूपीआय तर नाहीच नाही. जॉन मॅकह्यू या संशोधकाने २००० सालीच त्या डेटाच्या मुळावर टीका केली होती. २००९ साली मोजणाऱ्यांनी मोजलं, तर मॉडेलला, म्हणजे हल्ले ओळखणाऱ्या प्रोग्रॅमला, शिकवायच्या भागातल्या सुमारे ७८ टक्के नोंदी एकमेकींच्या नकला निघाल्या! मग तुमचं मॉडेल ९९ टक्के बरोबर येणारच ना? मीही तेच ९९ टक्के छापले, व्हायवाला टाळ्या पडल्या, आणि आज माझ्या नेटवर्कवर ते मॉडेल लावलं तर एक हल्ला पकडणार नाही. असले थिसिस अजून निघतायत, रे. गेट देऊन आलेल्या हुशार पोरांची वर्षं त्यात जातात, याचा राग येतो मला."

मलाही येतो. आपल्याकडे पदव्युत्तर शिक्षणाचा विचार फी, प्लेसमेंट आणि कॉलेजचं नाव एवढ्यावरच संपतो. दुसरं वर्ष जवळजवळ सगळं थिसिसचं असतं, आणि त्या थिसिसबद्दल प्रवेश घेताना कोणी चकार शब्द विचारत नाही.

"म्हणजे माझंच बरोबर," मन्या म्हणाला. "आणि तसंही, पीजीच्या पोरांनी दिवे काय लावले? इंटरनेटवरचा पहिला मोठा वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा प्रोग्रॅम, सोडला तो अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पीजीच्या पोरानेच."

रॉबर्ट मॉरिस, नोव्हेंबर १९८८. नाव निघालं तसा सुहास सरसावून बसला. "तो वर्म शिरला कसा, सांग बघू? एक वाट फिंगर नावाच्या सेवेतून होती. तिथला प्रोग्रॅम आलेला मजकूर 'गेट्स' फंक्शनने वाचायचा. मजकूर केवढा आहे, हे ते फंक्शन बघतच नाही. जागा ५१२ बाइटची, मॉरिसने पाठवले ५३६. वरचे चोवीस बाइट सांडले आणि त्यांनीच मशीनचा ताबा दिला. हजारो मशीनं बसली. ते 'गेट्स' सी भाषेच्या मानकातून कधी काढलं? २०११ ला. तेवीस वर्षं! सर्टिफिकेटवाला तुला भोक दाखवेल. ते तेवीस वर्षं उघडं का राहतं, भाषाच वेगळी बांधली तर ते पडेल का, याला विद्यापीठच लागतं. मेल्टडाउन आठव. जानेवारी २०१८ ला प्रोसेसरमधलंच भोक जगासमोर आलं. ते शोधणाऱ्यांत ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या तांत्रिक विद्यापीठातली पीएच.डी.ची पोरं होती."

"ग्राझ," ओंकार हळूच म्हणाला. "दादा, इथलं सांगा ना."

मी त्याला आयआयटी कानपूर सांगितलं. ऑगस्ट २००२. मणीन्द्र अग्रवाल आणि त्यांचे दोन विद्यार्थी, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना. दोघांचं नुकतंच बी.टेक. झालेलं. एखादी संख्या मूळ आहे की नाही हे बहुपदी वेळात, म्हणजे आकडे वाढले तरी वेळ आवाक्याबाहेर न जाता, आणि कुठलाही जुगार न खेळता, खात्रीने सांगणारी रीत त्या तिघांनी दिली. शतकानुशतकांचा प्रश्न होता तो. सुहासने लगेच सांगितलं की मूळ संख्यांवर चालणाऱ्या आरएसए या गुप्तलेखन पद्धतीच्या किल्ल्या बनवताना आजही मिलर-रॅबिन ही शक्यतेवर चालणारी चाचणीच वापरतात, कारण ती वेगवान आहे. बरोबर आहे. पण मला ओंकारला दाखवायचं होतं ते एवढंच की गाइड आणि प्रश्न दोन्ही मिळाले, तर गाव आडवं येत नाही. गिरीनगरला डीआयएटीत, म्हणजे संरक्षण खात्याच्या तंत्रज्ञान संस्थेत, सायबर सिक्युरिटीचं एम.टेक. आहे, खडकवासल्याच्या वाटेवर. गांधीनगरचं राष्ट्रीय न्यायवैद्यक विद्यापीठ आहे, त्याचा कॅम्पस आता गोव्यातही आहे. तिथे जाऊन विचारता येतं.

"काय विचारू?"

अश्विनीने त्याचा फोन घेऊन टिपणच लिहायला सुरुवात केली. गेल्या तीन वर्षांतल्या थिसिसची शीर्षकं द्या. त्यात केडीडी ९९ किंवा त्याचं धुऊन काढलेलं रूप, एनएसएल-केडीडी, कितींत आहे ते तूच मोज. गाइडकडे एका वेळी किती विद्यार्थी? लॅबमध्ये जुने राउटर, कार्ड रीडर, असलं उघडून बघायला काही आहे का, की नुसते पीसी? विद्यार्थ्याने शोधलेली एखादी त्रुटी कंपनीला कळवून दुरुस्त करून घेतलीय का? "आणि गाइडला हे विचारल्याचा राग आला," ती म्हणाली, "तर तिथला फॉर्मच भरू नकोस."

मन्याचा शेवटचा मुद्दा पैशाचा होता आणि तो खरा आहे. गेटवाल्याला महिना १२,४०० रुपये मिळतात. पुण्यात खोली आणि मेस काढली तर हातात फार काही उरत नाही, आणि त्याच दोन वर्षांत नोकरीवाला घरी पैसे पाठवत असतो. ओंकारचे वडील पुढच्या वर्षी रिटायर होतायत. यावर आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हतं. सी-डॅकचा सहा महिन्यांचा डिप्लोमा करून नोकरी धरायची, गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो तो हातात ठेवायचा, आणि प्रश्न सापडला की मग एम.टेक.ला जायचं, असा मधला रस्ता सुहासने काढला. अश्विनीला तो मुळीच मान्य नाही. नोकरीत शिरलेला परत येत नाही, असं ती म्हणते.

ओंकार दोन्ही फॉर्म भरतोय. डीआयएटीला जायचा दिवस त्याने अश्विनीला विचारून ठरवलाय, तीही बरोबर जाणार आहे.