मल्टिप्लायर ४५ केला की फ्रेम्स दुप्पट होतात?

गेले काही महिने एक मजकूर या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये फिरतो आहे: ‘जुना आय-५ २५००के (इंटेलचा प्रोसेसर) विकू नका. बायोसमध्ये मल्टिप्लायर ४५ करा, व्होल्टेज १.४ ठेवा, सेव्ह करा. फ्रेम्स दुप्पट. खर्च शून्य, धोका शून्य. प्रोसेसर तापला तर आपोआप बंद होतो, त्यामुळे जळायची भीतीच नाही.’ मे महिन्यात अकोल्याला गेलो होतो, तेव्हा पुतण्याने तो मोबाइलवर दाखवला आणि विचारलं, “काका, करू का?” सुट्टीत काम करून साठवलेल्या पैशांतून त्याने जुन्या बाजारातला पीसी घेतला होता. असे किती जण हे वाचून बायोस, म्हणजे पीसी सुरू होतानाच उघडणाऱ्या मूळ सेटिंग्ज, उघडत असतील, या विचाराने लिहायला बसलो. ओव्हरक्लॉकिंगला, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायला, माझा विरोध नाही. मी ते याच प्रोसेसरवर शिकलो आणि नवख्यांनीही शिकावं असं मला वाटतं. पण या मजकुरासारखं नाही.

आधी ‘फ्रेम्स दुप्पट’, म्हणजे गेममध्ये सेकंदाला दिसणारी चित्रं दुप्पट. जानेवारी २०११ मध्ये आलेल्या या चिपचा मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्झ. टर्बोमध्ये, म्हणजे चिप स्वतःहून वेग वाढवते तेव्हा, चारपैकी एकच कोर कामात असेल तर तो ३.७ पर्यंत जातो, चारही राबत असतील तर ३.४. बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झचा आणि मल्टिप्लायर हा त्याला गुणणारा आकडा, म्हणून मल्टिप्लायर ४५ म्हणजे ४.५ गिगाहर्ट्झ. ३.४ वरून ४.५ ही ३२ टक्के वाढ झाली. गेम सर्वस्वी प्रोसेसरपाशीच अडला असेल, बाकी कशाचाच अडथळा नसेल, तरी ६० फ्रेम्सच्या जेमतेम ७९ होतील. दुप्पट व्हायला ६.८ गिगाहर्ट्झ लागतील आणि घरच्या पंख्यावर ही चिप तिथवर जात नाही.

शिवाय गेम प्रोसेसरपाशी अडलाय हे कुणी पाहिलं? पुतण्याच्या पीसीत जीटीएक्स १०५० टीआय हे ग्राफिक्स कार्ड आहे. गेम चालू असताना स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडे लावले. ग्राफिक्स कार्ड ९९ टक्के, प्रोसेसर साठीच्या आसपास. म्हणजे दमलंय ते कार्ड. प्रोसेसर कितीही पळवला तरी कार्ड तेवढ्याच फ्रेम्स काढणार. मग त्याचा दुसरा आवडता गेम लावला. तिथे चारही कोर शंभरला टेकलेले, कार्ड ५५ वर आणि गर्दीच्या रस्त्यात शिरलं की चित्र अडखळत होतं. ओव्हरक्लॉकचा फायदा झालाच तर अशा गेममध्ये होतो. तोही मर्यादेत, कारण वेग वाढवून ४ थ्रेडचे, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामांचे, ८ होत नाहीत आणि २०१३ च्या हॅसवेल पिढीपासून इंटेलमध्ये आलेला एव्हीएक्स२ हा सूचनांचा संच या चिपमध्ये येत नाही. तेव्हा बायोस उघडण्याआधी आपल्या गेममध्ये कार्डाचा आकडा बघा. तो सतत ९५ च्या वर असेल तर प्रोसेसरला हात लावण्यात अर्थ नाही. प्रोसेसरचा मात्र एकूण टक्का बघू नका, एकेक कोर वेगळा बघा.

मदरबोर्डबद्दल तो मजकूर चकार शब्द काढत नाही. नावापुढे ‘के’ (मल्टिप्लायर खुला असल्याची खूण) असला तरी बोर्डाचा चिपसेट, म्हणजे त्यावरची नियंत्रक चिप, पी६७, झेड६८ किंवा नंतरचा झेड७७ यांसारखा लागतो. स्वस्तातल्या जुन्या पीसींमध्ये बहुधा एच६१ असतो आणि तिथे हा मल्टिप्लायर वाढवता येत नाही. मग काही जण बेस क्लॉक वाढवायला जातात. ते करू नका. या पिढीत पीसीआय एक्सप्रेस आणि साटा (ग्राफिक्स कार्ड आणि डिस्क यांच्या जोडण्या) त्याच क्लॉकला बांधलेले आहेत. थोडा जास्त वाढवला तरी हार्ड डिस्कवरचा डेटा खराब व्हायची वेळ येते.

‘खर्च शून्य’ हे विधान मला सगळ्यात खटकतं, कारण ते पाळण्याच्या नादात लोक कंपनीच्या छोट्या पंख्यावरच १.४ व्होल्ट देतात. चिपची वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. १.२ व्होल्टवर ३.४ गिगाहर्ट्झ चालणारी चिप १.३५ व्होल्टवर ४.५ ला नेली, तर वेग ३२ टक्के वाढतो आणि उष्णता साधारण ६७ टक्के. १.४ वर त्याहून जास्त. सोबतचा पंखा ९५ वॅटच्या हिशेबाने दिलेला असतो. त्यात आपला उन्हाळा. २२ अंशांच्या खोलीत ७० दाखवणारा प्रोसेसर ४२ अंशांच्या खोलीत ९० च्या घरात जातो, कारण कूलर फक्त खोलीच्या हवेशी देवाणघेवाण करतो. परदेशातल्या व्हिडिओतले आकडे विदर्भातल्या मे महिन्यात लागू पडत नाहीत. म्हणजे चांगला टॉवर कूलर घ्या, चिप आणि कूलरमध्ये लावायची पेस्ट घ्या, पीसीला वीज देणारा जुना एसएमपीएस बदला. हा खर्चच आहे.

पुतण्याचा पीसी काही न बदलताच ९१ अंशांवर होता. कॅबिनेट उघडलं तर पंखा आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा थर बसलेला, बोटाने ओढला तर गोधडीच्या तुकड्यासारखा अख्खा निघाला. कूलरच्या चार पिनांपैकी एक बोर्डात बसलेलीच नव्हती आणि पेस्ट वाळून खडूसारखी भुरभुरत होती. साफसफाई, नवी पेस्ट, पिन दाबून बसवली. तोच गेम ७३ वर आला. त्याआधी ४५ आणि १.४ टाकलं असतं तर?

तर प्रोसेसर ‘आपोआप बंद’ झाला असता, हे बरोबर. मजकुरातलं ते अर्धं विधान खरं आहे: ९८ अंशांच्या आसपास ही चिप स्वतःचा वेग कमी करते आणि त्यापुढे गेली तर पीसी बंद पडतो. पण हे संरक्षण तापमानापासून आहे, जादा व्होल्टेजपासून नाही. जास्त व्होल्टेज आणि उष्णता यांनी आतल्या सूक्ष्म तारांची हळूहळू झीज होते आणि वर्ष-दोन वर्षांनी तोच वेग टिकवायला आणखी व्होल्टेज लागू लागतं. सॉकेटशेजारच्या ज्या भागातून प्रोसेसरला वीज मिळते, त्यावर स्वस्त बोर्डांत हीटसिंकही नसतो. तो भाग किती तापला हे प्रोसेसरच्या आकड्यात दिसत नाही. आणि कुणा एकाची चिप ४.५ ला १.२५ व्होल्टवर चालते, दुसऱ्याची १.४ वरही विंडोज कोसळल्याची १२४ क्रमांकाची निळी स्क्रीन देते. म्हणून दुसऱ्याचे आकडे उतरवून घ्यायचे नसतात.

झेड६८ बोर्ड असल्याने पुतण्याला मी मल्टिप्लायर ४० वर थांबवलं, एकेक पायरी चढत, व्होल्टेज न वाढवता. बहुतेक २५००के एवढं सहज पेलतात. प्रत्येक पायरीला स्ट्रेस टेस्ट, म्हणजे प्रोसेसर पूर्ण ताकदीने राबवणारी चाचणी, शेवटी रात्रभर, आणि सकाळी विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये हार्डवेअरची एखादी चूक नोंदली गेलीय का ते बघणं. अडखळणाऱ्या गेममध्ये ओव्हरक्लॉकने ४६ च्या ५२ फ्रेम्स झाल्या. कार्डावर अडलेल्या गेममध्ये एकही वाढली नाही. अडखळणं मात्र खरं कमी झालं ते नंतर, ४ जीबीच्या एकाच डीडीआर३ स्टिकच्या जोडीला तशीच दुसरी लावून रॅम ड्युअल चॅनेलमध्ये, म्हणजे दोन्ही स्टिक एकत्र चालतील अशी, आणली तेव्हा.