आपला गोन्सालो, त्यांचा योहान

वसईत संत गोन्सालो गार्सिया माहीत नाहीत असा माणूस सापडणं कठीण. गासचं चर्च त्यांच्या नावाचं, कॉलेज त्यांच्या नावाचं. ‘भारतात जन्मलेले पहिले संत’ हे तर आपल्याला पाठच. पण ५ फेब्रुवारी १५९७ला नागासाकीच्या टेकडीवर त्यांच्यासोबत आणखी कोणाला क्रुसावर चढवलं, हे विचारून बघा. बहुतेक गप्प.

एकूण २६ जण होते, त्यातले २० जपानी. त्यांतला १९ वर्षांचा योहान नागासाकीच्या पश्चिमेच्या गोतो बेटांवरचा. तिथल्या फुकुए बेटावर, अगदी समुद्राला लागून, दोझाकीचं लाल विटांचं चर्च आहे. १९०८ सालचं. ते याच २६ हुतात्म्यांना वाहिलेलं आहे, म्हणजे आपल्या गोन्सालोंनाही! आपण मात्र तोक्यो, क्योतो, फुजी केलं की झालं जपान.

‘गोऱ्या पाद्र्यांचं चर्च, त्यात काय एवढं?’ असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. १६१४पासून जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी होती. अडीचशे वर्षं ना पाद्री, ना चर्च. बाप्तिस्मा गावातलाच कोणीतरी द्यायचा. पोर कडेवर घेतलेली कान्नोन, म्हणजे बौद्धांची करुणेची देवी, घरात ठेवायची आणि मनातून तिला मारिया मानायचं. शेजारच्या हिसाका बेटावर १८६८ साली सुमारे २०० ख्रिस्ती माणसं पकडून जेमतेम २० चौरस मीटरच्या खोलीत कोंबली. पाय जमिनीला टेकत नव्हते इतकी दाटी. आठ महिने! ४२ जण गेले, त्यात लहान मुलंही.

१८७३ला बंदी उठली आणि त्याच नाताळाला दोझाकीच्या किनाऱ्यावर उघड्यावर मिस्सा झाली. इमारत नंतरची. तिच्या कामावर तेत्सुकावा योसुके नावाचा तरुण सुतार होता. पुढे त्यानं या भागात कितीतरी चर्च उभी केली. स्वतः मात्र जन्मभर बौद्ध. (आपल्याकडे यावरून एव्हाना चार पोस्टी पडल्या असत्या.)

तर माझं म्हणणं एवढंच की, गोन्सालोंच्या सणाला प्रवचनात ‘आपला वसईचा सुपुत्र’ दहा वेळा म्हणा, हरकत नाही. पण त्या दिवशी सव्वीसही नावं वाचा की. दोन मिनिटांचं काम आहे. आणि वसईतून जपानला जाणाऱ्यांनो, नागासाकीहून फुकुएला बोट जाते. सहलवाल्याला विचारू नका, तो फुजीच दाखवणार.