जुनी अटक आणि अमेरिकेचा व्हिसा : एक खुलासा

‘निर्दोष सुटका झाली असेल किंवा सात वर्षे उलटली असतील, तर अमेरिकेच्या व्हिसा अर्जात अटकेच्या प्रश्नापुढे बिनदिक्कत “नाही” लिहावे’ असा सल्ला सध्या फिरत असून तो साफ चुकीचा आणि घातक आहे. डीएस-१६० या तात्पुरत्या व्हिसासाठीच्या ऑनलाइन अर्जातील प्रश्न ‘कधीही अटक किंवा शिक्षा झाली आहे का’ असा असून माफी मिळालेली प्रकरणेही त्यात धरलेली आहेत. तिथे वर्षांची मुदत नाही. त्यामुळे जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४९८अ (विवाहितेचा सासरी छळ) खाली अटक होऊन पुढे उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला असला, तरी उत्तर ‘होय’ असेच येते आणि खालच्या चौकटीत हकिगत थोडक्यात लिहायची असते.

नुसत्या अटकेमुळे व्हिसा आपोआप नाकारला जात नाही, हे भेदरलेल्या अर्जदारांना कोणी सांगतच नाही. उलट महत्त्वाची बाब जाणूनबुजून लपवल्याचे ठरले, तर अमेरिकी कायद्यानुसार प्रवेशबंदी कायमची असते, आणि त्या बंदीतून सवलत मिळवणे कठीण जाते. म्हणून न्यायालयाच्या नक्कल विभागातून निकालाची शिक्क्यासह प्रमाणित प्रत आधीच काढावी. निकाल मराठीत असल्यास इंग्रजी भाषांतर जोडून मुलाखतीला न्यावे.