निम्मी मासळी 'दिली' कुणी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

बोल्ट निकालावरच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया सडेतोड आहे, म्हणून उत्तरही जरा लांबणार. तुमचं म्हणणं असं: अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात आदिवासी जेमतेम एक टक्का, तरी 1974 साली न्यायाधीश बोल्ट यांच्या कोर्टाने निम्मा सॅमन मासा त्यांना देऊन टाकला, कायदा सगळ्यांना सारखा हवा, सरकारचा अंकुश सुटला की मासे संपणार, आणि खान नदीत बेडूक धड जगत नाही अशा इंदुरात बसून आपण पॅसिफिकच्या माशांवर कशाला बोलायचं? शेवटच्या टोमण्याला माझ्याकडे उत्तर नाही, हसू मात्र आलं.

पण 'देऊन टाकला' इथेच आपलं जमत नाही. 1854-55 मध्ये गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्सने तिथल्या जमातींशी तह केले. जवळजवळ सगळी जमीन सरकारकडे गेली. जमातींनी एक गोष्ट मात्र सोडली नाही: नेहमीच्या ठिकाणी, इतर नागरिकांच्या बरोबरीने मासे धरायचा हक्क. राजवाड्यामागचा एखादा वाडा विकताना 'विहिरीचं पाणी आम्ही भरत राहू' असं खरेदीखतात लिहून घेतलं, तर पुढच्या मालकाला ती आपली मेहेरबानी म्हणता येईल का? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1905 सालीच सांगून टाकलं होतं की तहात आदिवासींना हक्क मिळाले नाहीत, त्यांच्याकडून घेतले गेले. जे दिलं नाही ते त्यांचंच राहिलं. बोल्टसाहेबांनी नवं काही काढलं नाही.

आता सारखा कायदा. सॅमन समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला जन्मनदीत परततो. वाटेत त्याला आधी खुल्या समुद्रातल्या बोटी गाठतात, मग सामुद्रधुनीतल्या, मग प्युजेट साउंडच्या आखातातली मोठी घेरजाळी. सगळ्यांच्या तावडीतून सुटलेला मासा नदीच्या तोंडाशी येतो आणि तिथे, रांगेत शेवटी, आदिवासींचं जाळं. मासे कमी पडले की राज्य नदी बंद करायचं, 'संवर्धनासाठी'. कागदावर नियम सर्वांना एकच: नदीत जाळं टाकायचं नाही. पण नदीत जाळं टाकत होतं कोण? प्युअलप नदीत तर स्टीलहेड माशासाठी जाळ्यांना पूर्ण बंदी आणि हौशी गळवाल्यांना मोकळीक होती. 1973 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा भेदभाव ठरवला. निस्क्वाली जमातीचे बिली फ्रँक ज्युनियर यांना पहिली अटक झाली ती 1945 मध्ये, चौदाव्या वर्षी, मासे धरल्याबद्दल. पुढे अशा अटका पन्नासच्या वर गेल्या. असला सारखेपणा तुम्हाला तरी पटेल का?

अंकुशाचं म्हणाल तर बोल्टचा हिशोब नीट बघा. अंड्यांसाठी जेवढे मासे नदीत पोचायला हवेत, ते आधी बाजूला. उरलेले, म्हणजे धरता येण्याजोगे, त्यांची वाटणी. शिवाय 1979 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल बहुतांशी कायम ठेवताना बजावलं की पन्नास टक्के ही कमाल मर्यादा आहे, हमी नव्हे. त्यानंतर जमातींनी स्वतःचे जीवशास्त्रज्ञ नेमले, स्वतःचे नियम केले, आणि आज त्या आणि राज्य मिळून हंगाम ठरवतात. अंकुश सुटला नाही, त्यावर दुसरा हात आला.

एक मान्य: गैरआदिवासी छोट्या मच्छीमारांचे हाल झाले. कर्ज काढून बोटी घेतलेल्या माणसाला 1855 चा तह ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण इतके परवाने वाटले कुणी? राज्यानेच.

आणि सॅमन अजूनही संकटात आहे, पण त्याचं कारण जाळी एवढंच नाही. धरणं, जंगलतोड आणि रस्त्यांखालच्या मोऱ्या. अरुंद किंवा पाण्यापासून उंच राहिलेल्या मोरीतून मासा वर चढूच शकत नाही. त्या दुरुस्त करायला राज्याला भाग पाडलं ते जमातींच्याच खटल्याने, 2018 मध्ये.

समुद्र राहू दे, आपल्या राज्यातलंच बघू. इटारसीजवळच्या तवा धरणाने विस्थापित झालेल्या गोंड-कोरकूंना 1996 मध्ये जलाशयात मासेमारीचा पट्टा मिळाला. ठेकेदार गेला, तवा मत्स्य संघ आला. संघाने मत्स्यबीज सोडलं, पावसाळ्यातली बंदी पाळली, सभासदांना बरा भाव दिला. मग सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचं कारण पुढे आलं आणि 2006 नंतर पट्टा वाढवला नाही. इथे तह नव्हता, सरकारनेच दिलेला पट्टा होता. तुम्ही म्हणता तसं, खरोखर 'दिलेलं'. म्हणून मुदत संपल्यावर संघाकडे कोर्टात दाखवायला निस्क्वालींसारखा कागद नव्हता.