‘समुद्र न पाहिलेल्यांनी हूक शिकवू नयेत’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

जहाजावरची लाइफबोट वायरला धरून ठेवणाऱ्या हूकवरच्या माझ्या मागच्या लेखाखाली ‘जुना दर्यावर्दी’ या नावानं एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: ऑन-लोड हूकनंच (बोटीचा भार असतानाही सुटणाऱ्या) खलाशी मारले, ते काढून जुने ऑफ-लोड हूक (भार उतरल्यावरच सुटणारे) परत आणा, हूकला सरावाच्या वेळी जादा पट्टा बांधायचा माझा सल्ला आणीबाणीत जिवावर बेतेल, फॉलच्या, म्हणजे बोट खाली-वर करायच्या, वायरबद्दल मी जुना नियम दिला, फ्री-फॉल बोट (जहाजावरून थेट पाण्यात झेपावणारी) घेतली की सगळा वादच मिटतो, आणि मुळात ‘बेळगावात ऊस आणि तंबाखू बघणाऱ्यांनी, समुद्र न पाहिलेल्यांनी आम्हाला हूक शिकवू नयेत’.

शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो, कारण तुमचा सगळा जोर तिथंच आहे.

दर्यावर्दी साहेब, तंबाखू निपाणीकडं. बेळगावात लोखंड. उद्यमबागेत सकाळी फाउंड्रीचा धूर आणि रात्री लेथचा आवाज असतो, आणि चोर्ला घाट उतरला की गोव्याचा समुद्र आहे, तो काही आम्हाला नकाशात शोधावा लागत नाही. माझी चौदा वर्षं इंजिनरूममध्ये गेली आणि त्यापुढची सगळी मशीनशॉपमध्ये. विंचचे ब्रेक, हूकच्या पिना, हूकला बंद धरून ठेवणारे फिरते कॅम, सगळं हाताखालून गेलं आहे. हे सांगायची वेळ तुम्ही आणलीत म्हणून सांगितलं. गावाचं नाव बेळगाव लिहावं की बेळगावी, यावरही तुम्ही एक ओळ खर्च केली आहे. त्या वादाला आमच्याकडं माणसं भरपूर आहेत, तुमची भर नको.

आता तुमच्या त्या ‘अनुभवा’चं. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेनं २००१ साली लाइफबोटींच्या अपघातांचा आढावा प्रसिद्ध केला. दहा वर्षांत १२ खलाशी मेले, ८७ जखमी झाले. वादळात नाही, जहाज बुडताना नाही. सरावात आणि चाचणीत. आणि काम करणारे किंवा त्यावर देखरेख करणारे लोक अनुभवी, पात्रताधारक होते, हे त्या अहवालातच आहे. तेव्हा ‘आम्ही पाहिलं आहे’ हा मुद्दा इथं फार पुढं जात नाही. किती वर्षं समुद्र पाहिला हे हूक विचारत नाही. कॅम पूर्ण फिरला आहे का, एवढाच त्याचा प्रश्न.

मुख्य मुद्द्याकडं येतो. तुम्ही लिहिलंय, ‘ऑफ-लोड हूक होते तेव्हा असं काही होत नव्हतं.’

होत होतं की. २७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रात अलेक्झांडर कीलँड हा निवासी प्लॅटफॉर्म उलटला. त्यावर २१२ माणसं होती, १२३ गेली. चार लाइफबोटी खाली सोडता आल्या, आणि त्यांतली फक्त एक फॉलपासून सुटली. बाकीच्या का सुटल्या नाहीत? कारण त्यांच्या हूकना असा खटका होता, की वायरवर ताण आहे तोवर हूक उघडणारच नाही. म्हणजे तुम्ही जो परत मागताय तोच.

शांत बंदरात ऑफ-लोड हूक उत्तम चालतो. बोट पाण्यावर टेकली, दोन्ही फॉल ढिले पडले, हूक उघडला. उंच लाटेत बोटीचं पुढचं टोक वर येतं तेव्हा मागचं खाली जातं. पुढची वायर ढिली, मागची ताठ. पुढच्याच क्षणी उलट. दोन्ही एकदम ढिल्या पडायची वाट बघत बसायचं, आणि तेवढ्यात बोट जहाजाच्या अंगावर आपटत राहायची. एक सुटली आणि दुसरी अडकली तर बोट एका टोकावर लटकते. या अपघातानंतरच भार असतानाही सुटेल असा हूक आला, आणि १ जुलै १९८६ पासून नव्या जहाजांसाठी तो नियमात बसला. हा कुणा बाबूचा छंद नव्हता.

आमच्या भागातल्या साखर कारखान्यात गाडीतला ऊस उतरवताना पहा. साखळ्यांनी बांधलेला भारा क्रेननं वर जातो आणि खटका ओढला की भार असतानाच एक बाजू सुटते. भाराखाली सुटणारा हूक ही जगावेगळी गोष्ट नाही. फरक इतकाच, की तिथं खाली ऊस पडतो.

मग माणसं मेली कशानं? यावर तुमच्या प्रतिक्रियेत एक शब्दही नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

जुन्या, स्वस्त ऑन-लोड हूकची रचना अशी असे: हूक एका पिनवर फिरतो आणि त्याची शेपटी मागच्या कॅमवर टेकून राहते. भाराची रेषा पिनच्या बरोबर मधून जात नाही, जरा बाजूनं जाते. समजा माणसांसकट बोट ५ टनांची आहे. एका हूकवर अडीच टन आले. रेषा पिनपासून १० मिलिमीटर बाजूला आणि शेपटी १०० मिलिमीटर लांब धरली, तर कॅमवर सतत २५० किलोचा रेटा बसतो, हूक उघडायच्या दिशेनं. म्हणजे हा हूक स्वतःहून बंद राहतच नाही, कॅमनं त्याला कोंडून ठेवलेलं असतं. कॅम झिजला, पिनच्या भोकात ढिलाई आली किंवा कॅम अर्धाच फिरला, की शेपटी कॅमच्या कडेवर येते. तिथं ती घर्षणावर टिकते. टिकते म्हणूनच घात होतो. लगेच सुटली असती तर बोट पाण्यातच राहिली असती. पण बोट वर येते, डेव्हिट (बोट लटकवणारी कमान) वर जाऊन थांबताना एक हिसका बसतो आणि एक हूक उघडतो. बोट दुसऱ्या हूकवर झुलते आणि तोही असा भार फार वेळ सोसत नाही.

कॅम अर्धाच का फिरतो? दहापैकी आठ वेळा उत्तर केबलमध्ये सापडेल. मधल्या हँडलपासून पुढच्या-मागच्या हूकपर्यंत आवरणातली केबल जाते. हे बाहेरचं आवरण क्लॅम्पनं घट्ट धरलेलं असावं लागतं. क्लॅम्प ढिला असेल तर हँडल ओढल्यावर आतली तार सरकायच्या ऐवजी आवरणच सरकतं. हँडल पूर्ण जागेवर बसतं, त्याची सेफ्टी पिनही लागते, आणि हूकपाशी कॅम अर्ध्यावर. आवरणाला चीर गेली की खारं पाणी आत, आतली तार गंजून जाम. केबलला बळंच लहान वळण दिलं की तेच. म्हणून हँडल बघून ‘बंद’ म्हणू नये. पुढं एक माणूस, मागं एक माणूस, दोघांनी हूकवरचीच खूण बघायची. मग बोट पाण्यातून जेमतेम सुटेल एवढीच उचलायची, थांबायचं, दोन्ही खुणा पुन्हा बघायच्या आणि मगच वर. यात दोन मिनिटं जातात. (आणि त्या खुणेवरून पांढरा रंग मारू नये. बोसनचा, म्हणजे खलाशांच्या मुकादमाचा, ब्रश फिरला की हूक नवाकोरा दिसतो आणि खूण गायब.)

हूकची सुधारणा हवी होती, हे मी लेखातच म्हटलं होतं, आणि ती झाली आहे. नव्या निकषानुसार कॅम असलेल्या हूकमध्ये कॅम बंद जागेपासून ४५ अंशांपर्यंत फिरला तरी हूक पूर्ण बंद राहिला पाहिजे. भार आला की हूक बंद होण्याकडं कलला पाहिजे, उघडण्याकडं नाही. हूक, हँडल, केबल हे सगळं रंग किंवा जस्ताच्या मुलाम्यावर न विसंबता गंज न धरणाऱ्या धातूचं हवं. या निकषांत न बसणारे जुने हूक १ जुलै २०१४ नंतरच्या पहिल्या ठरलेल्या ड्रायडॉकला (कोरड्या गोदीतल्या दुरुस्तीला), आणि काही झालं तरी १ जुलै २०१९ पर्यंत बदलायचे होते. तुम्ही ज्या हूकला शिव्या देताय तो बहुधा या तारखेच्या आधीचा आहे.

यालाही किंमत आहे. बंद राहण्याकडं कल असलेला हूक उघडायला जास्त जोर लागतो, आणि हँडलवरचा जोर १०० ते ३०० न्यूटनच्या मध्येच, म्हणजे साधारण १० ते ३० किलोत, बसवावा लागतो. त्याहून हलका असला तर धक्का लागून उघडेल, जड असला तर थकलेल्या माणसाला ओढवणार नाही. मधली जोडणी इथं कसाला लागते. पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या खटक्याचंही तसंच. बोट तरंगल्याशिवाय हँडल सुटू नये म्हणून तळाशी पडदा असतो. तो मिठानं आणि शेवाळानं अडकला की बोट तरंगत असतानाही हँडल हलत नाही. म्हणून तो खटका बाजूला सारायची सोय ठेवलेली असते, आणि ती कुठं आहे हे बोटीतल्या प्रत्येकाला अंधारात सापडलं पाहिजे.

तुमचा पट्ट्याचा आक्षेप. ‘हूक बांधून ठेवला तर जहाज बुडताना बोट सुटणार कशी?’ लेखात मी ‘सरावात आणि देखभालीत’ असं दोनदा लिहिलं होतं. दोनदा. वाचलं असतंत तर बरं झालं असतं. तरी सांगतो. पट्टा फॉलच्या लटकत्या तुकड्यापासून बोटीच्या भक्कम भागापर्यंत, हूकला वळसा घालून बांधायचा. हूक चुकून सुटला तर बोट पट्ट्यावर थांबते. पट्टा सिंथेटिकच हवा. वायर किंवा साखळी नको, ती झटका पचवत नाही. पूर्ण माणसांसकट बोटीच्या वजनाला सहापट मजबुती हवी. पट्ट्याऐवजी हूक अडवणारी पिन वापरायची असेल तर ती ठळक रंगाची आणि दोरी बांधलेली. बोट पाण्याशी पोचली की पट्टा किंवा पिन आधी काढायची, मग हँडल; हा क्रम हँडलशेजारी लिहिलेला असावा. काढायला माणसाला बोटीबाहेर लोंबकळावं लागत असेल तर ती जागाच चुकली. आणि हूकमध्ये पिनसाठी भोक पाडून द्या, असं कुणी सांगितलं तर उत्पादकाच्या आणि ध्वजदेशाच्या (जहाज जिथं नोंदलं आहे त्या देशाच्या) मंजुरीशिवाय पाडू नये. त्या भोकानं हूकचा छेदच कमी होतो. आमच्यासारख्या शॉपवाल्यांनी तर हे पाठच करावं.

वायरबाबत तुम्ही बरोबर आहात. दर ३० महिन्यांनी फॉल टोकं उलटी करून लावायचा नियम मी दिला होता, तो १ जुलै २००६ पासून राहिलेला नाही. आता झीज दिसली की लगेच, आणि कितीही चांगली दिसली तरी पाच वर्षांत वायर बदलायची. लेख दुरुस्त केला आहे. धन्यवाद. पण त्यापुढं तुम्ही जे लिहिलंत, की ‘पाच वर्षं बिनघोर’, ते कुठून आणलंत? फेब्रुवारी २०१३ मध्ये ला पाल्मा बंदरात थॉमसन मॅजेस्टी या प्रवासी जहाजाची बोट सरावात वर घेताना फॉल तुटला, पाच खलाशी गेले. ती वायर २०१० साली बसवलेली होती. तीन वर्षंसुद्धा नाही. बोट जागेवर असताना वायरचा जो तुकडा कप्पीवर वळून बसतो तोच आतून सडतो, कारण ग्रीसचा हात तिथं पोचत नाही आणि बाहेरून तो चकचकीत दिसतो. बोट बाहेर काढून, तो तुकडा कप्पीवरून मोकळा करून, जुनं ग्रीस पुसून बघायचं. पिळांमधून लालसर भुकटी आली की बाकी काही मोजत बसू नये. आधी पातळ, आत शिरणारं तेल द्यायचं, मग जाड ग्रीस. नुसतं वरून जाड ग्रीस थापलं की पाणी आत कोंडतं.

फ्री-फॉल बोटीवर एवढंच: तिलाही फॉलनं खाली सोडायची दुसरी सोय ठेवावीच लागते आणि पाण्यातून परत वर घ्यावी लागते. हूक, वायर, विंच तिथंही आहेतच. ‘उतरवायचा वेग कमी ठेवा’ या तुमच्या ओळीला उत्तर नियमातच आहे: किमान वेग ०.४ अधिक उंचीच्या ०.०२ पट, मीटर प्रतिसेकंदात. २० मीटर उंचीला ०.८. हळू उतरणारी बोट जास्त वेळ जहाजाच्या अंगावर आपटते. बाकीचे तुमचे मुद्दे वाचले, त्यात उत्तर देण्यासारखं मला काही दिसलं नाही.

पुन्हा लिहाल तेव्हा एक करा. तुमच्या जहाजावरच्या हूकची बाजूची पत्रापट्टी काढून, हँडल बंद असताना, कॅम कुठं टेकला आहे त्याचा जवळून फोटो पाठवा, पुढचा आणि मागचा दोन्ही. फोटोत केबलचा क्लॅम्पही येऊ दे. रंग मारायच्या आधी काढा.